वनातला विद्यार्थी आणि शाळेचा न्याय

शिक्षण आणि न्याय हे दोन शब्द एका वाक्यात आले की मराठी मध्यमवर्गीय घरातील चर्चा बहुधा आरक्षणापाशी येऊन थांबते. बारावीच्या निकालानंतरच्या दिवसांत तर हा विषय जेवणाच्या ताटावर वाढलेलाच असतो. घरातला मुलगा विचारतो, परीक्षा एक, प्रश्नपत्रिका एक, मग प्रवेशाच्या रेषा दोन का? हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे. सतराव्या वर्षी मुलाला न्यायाची चाड असावी, हे चांगलेच लक्षण आहे आणि वडीलधाऱ्यांनी त्याला दटावून गप्प बसवण्यात काहीच शहाणपण नाही. मात्र त्याच वयाचा दुसरा एक विद्यार्थी याच महाराष्ट्रात याच परीक्षेला बसत असतो आणि न्याय हा शब्द उच्चारताना त्याच्या मनात वेगळेच काही असते. त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून पहिल्याच्या प्रश्नाचे उत्तर पुरे होत नाही. आजचा विषय हा दुसरा विद्यार्थी आहे.

नागपूरहून गडचिरोली सुमारे १७० किलोमीटर आणि गडचिरोलीहून भामरागड पुन्हा जवळपास तेवढेच. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग वनाचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या पावणेअकरा लाखांच्या आसपास. त्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२ टक्के होती, तर गडचिरोलीची ७४. धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांत गोंड आणि माडिया गोंड. चंद्रपूरच्या जिवती, कोरपना, राजुरा या डोंगरपट्ट्यात कोलाम. शासनाने महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदवलेल्या तीन जमातींपैकी कातकरी वगळता उरलेल्या दोन या पट्ट्यात राहतात. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. राज्यातल्या कितीतरी शहरी अभ्यासिका त्या विजेवर उजळतात. डोंगरावरच्या पाड्यांत मात्र वीज फार उशिरा पोहोचली. पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटे आणि हे वर्षानुवर्षे दर पावसाळ्यात घडत आले. एटापल्ली तालुक्यातील गर्देवाडा, वांगेतुरी या भागात राज्य परिवहनाची बस सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी. स्वातंत्र्याचे अठ्ठ्याहत्तरावे वर्ष तेव्हा चालू होते.

अशा ठिकाणचा विद्यार्थी शाळेत येतो तेव्हा तो कोरी पाटी घेऊन येतो, असे शहरात गृहीत धरले जाते. ते खरे नाही. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पहाटे आईबापांबरोबर रानात जायचे, पाने खुडायची, घरी सावलीत बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, मोजून द्यायचे. हजार पुड्यांची एक गोणी. शंभर पुड्यांचा भाव ठरलेला असतो. आज आपले किती झाले, किती बाद ठरले, हाती किती पडायला हवे, हा हिशेब घरातले मोठे मूलही तोंडी करते. गुणाकार, भागाकार, त्रैराशिक, सारे त्यात आले. जूनमध्ये तेच मूल वर्गात बसते आणि फळ्यावर उदाहरण येते: ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी अमुक मीटर लांबीची आगगाडी तमुक लांबीचा फलाट किती सेकंदांत ओलांडेल? गडचिरोली जिल्ह्यात दीर्घकाळ रेल्वेचे एकच स्थानक होते, अगदी उत्तरेच्या टोकाला, देसाईगंज म्हणजे वडसा येथे. भामरागडच्या मुलाने फलाट पाहिलेला नाही, गाडी पाहिलेली नाही, आणि गाडीची स्वतःची लांबी फलाटाच्या लांबीत का मिळवायची, हे त्याला कोणी त्याच्या भाषेत सांगितलेले नाही. उत्तर चुकते. गुणपत्रिकेवर लिहिले जाते की गणित कच्चे.

त्याचे गणित खरोखर कच्चे आहे का?

शाळेचे वेळापत्रकही त्याच्या ऋतूंशी फटकून असते. मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत मोहफुले गळतात आणि ती उजाडण्याच्या वेळीच वेचावी लागतात. नेमकी तेव्हाच वार्षिक परीक्षा. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी. नेमके तेव्हाच पहिल्या सत्राचे महत्त्वाचे पाठ. मूल गैरहजर राहिले की हजेरीपटावर फुली पडते आणि शिक्षक पालकांची अनास्था म्हणून खेद व्यक्त करतात. त्या शिक्षकांचाही सर्वस्वी दोष नाही. तेही बदलीच्या यादीतून आलेले, कित्येकदा शंभर-दीडशे कोसांवरून, आणि समोरच्या मुलांची भाषा त्यांना येत नाही. वर्गात दोन्ही बाजू मुक्या, असे दृश्य या पट्ट्यातील पहिली-दुसरीच्या वर्गांत नवे नाही.

आता न्यायाविषयी. या मुलाला न्याय ही कल्पना शाळेने शिकवावी लागत नाही, कारण ती त्याने गावात डोळ्यांनी पाहिलेली असते. माडिया गावांत सामूहिक मासेमारी झाली की मिळालेल्या मासळीची वाटणी घरटी होते. कोण पाण्यात किती वेळ उभा राहिला, याचा हिशेब मांडला जात नाही. ज्या घरातला कर्ता माणूस आजारी आहे त्या घरीही वाटा जातो. पारधीची वाटणीही याच रीतीने होत असे, असे जुनी माणसे सांगतात (१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध बंद केली, हा भाग वेगळा). गावातील गोटूल हे या साऱ्या संस्काराचे केंद्र. बाहेरच्या अभ्यासकांनी त्याच्याविषयी पुष्कळ रंगीत लिहिले. प्रत्यक्षात ती गावाची बैठक, तरुणांची शाळा आणि तंटे मिटवण्याची जागा, असे तिन्ही असते.

धानोरा तालुक्यात मेंढा नावाचे एक लहान गाव आहे. लेखा या गावाला जोडून असल्याने सर्वत्र मेंढा-लेखा म्हणून ओळखले जाते. १९८० च्या दशकात या गावाने सागाचे लाकूड वापरून गोटूल उभारले. वनखात्याने ते उतरवले. आसपासच्या गावांनी एकत्र येऊन गोटूल पुन्हा उभे केले. देवाजी तोफा हे गावाचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल हे साथीदार. या दोघांच्या प्रयत्नांतून तेथे ग्रामसभेची जी रीत बसली, ती महाराष्ट्रातील प्रत्येक नागरिकशास्त्राच्या पुस्तकात असायला हवी होती. गावात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो, त्याचे म्हणणे पुन्हा ऐकले जाते. निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी आणि कायदे, नकाशे, हिशेब समजून घेणारा अभ्यासगट वेगळा. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही बसतात, पण निर्णयात त्यांना मत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतुकीचे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. तोपर्यंत बांबू हे गवत की झाड, यावर सरकारी कागदांत वर्षानुवर्षे वाद चालला होता.

अशा सभेच्या कडेला बसून वाढलेल्या मुलाला वर्गात पहिल्यांदा काय दिसते? पन्नास मुलांत पहिला येणारा एक आणि उरलेले एकोणपन्नास मागे पडलेले. शेजाऱ्याला उत्तर सांगितले तर ती लबाडी ठरते, न सांगितले तर हुशारी. परीक्षेत हा नियम आवश्यकच आहे, त्याविषयी वाद नाही. परंतु वर्षाचे दोनशे दिवस शाळा म्हणजे केवळ परीक्षाच, असे झाले की त्या मुलाने आणलेल्या शिदोरीतील सर्वांत मोलाची गोष्ट शाळेच्या दारातच काढून ठेवावी लागते. आधुनिक शिक्षणावर त्याचा पहिला आक्षेप हा असू शकतो आणि तो सहज झटकण्यासारखा नाही.

येथे एक सावधगिरी हवी. गावात सारे मंगल होते आणि शाळेने ते बिघडवले, असे चित्र रंगवणाऱ्यांचाही एक वर्ग आहे. स्वतःची मुले पुण्या-मुंबईच्या उत्तम शाळांत घालून वनवासी मुलांनी मात्र मोह वेचत राहावे, असे सुचवणारी ही मांडणी वरवर आदराची वाटते, पण तिच्यात अन्याय दडलेला आहे. गावाला अक्षरओळख नव्हती तेव्हा सावकाराने अंगठे घेतले, ठेकेदाराने मापात मारले, हिवताप आणि सर्पदंश यांनी पोरेबाळे नेली. बाबूराव शेडमाके यांचे उदाहरण या संदर्भात आठवावे. जमीनदार घराण्यातला हा गोंड तरुण रायपूरला जाऊन इंग्रजी शिकला, असे चरित्रकार सांगतात. राज्यकर्त्यांची भाषा समजल्यावर त्यांच्या कारभारातला अन्यायही त्याला अधिक स्पष्ट दिसला असावा. १८५८ मध्ये त्याने चांद्याच्या परिसरात सशस्त्र उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. वय अवघे पंचवीस.

पुढच्या काळातले उदाहरण हेमलकशाचे आहे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी दवाखाना चालवला आणि १९७६ मध्ये शाळा उघडली. आरंभी मुले येत नसत, आली तरी पळून जात. बाहेरून आलेल्यांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली, मगच त्यांचे बोलणे गावाने ऐकले. हा क्रम महत्त्वाचा आहे. त्या शाळेतून पुढे डॉक्टर, शिक्षक, वनकर्मचारी झाले. लालसू नोगोटी हे माडिया समाजातील पहिले वकील म्हणून ओळखले जातात. तेही तेथलेच विद्यार्थी. २०१७ मध्ये ग्रामसभांच्या पाठिंब्यावर ते जिल्हा परिषदेवर निवडून आले. त्यांची सर्व मते सर्वांना पटतील असे नाही. खाणींच्या प्रश्नावर तर निश्चितच मतभेद आहेत. परंतु ज्या समाजाच्या आजोबांनी न्यायालयाची पायरी केवळ आरोपी म्हणून पाहिली, त्या समाजाचा मुलगा काळा कोट घालून न्यायाधीशासमोर उभा राहतो आणि कलमे उद्धृत करतो, हे शाळेने घडवलेले परिवर्तन आहे.

या प्रदेशात न्यायाच्या नावाने आणखी एक दुकान चार दशके मांडलेले होते. १९८० च्या सुमारास बंदूकधारी दलम गोदावरी ओलांडून आले आणि तेंदूपत्त्याची मजुरी वाढवून देतो म्हणाले. मजुरी वाढली, हे मान्य करावे लागेल. त्याबरोबर जनअदालत आली. तेथे आरोप ठेवणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा एकच. अपील नाही, साक्षीपुरावा नाही. पोलिसांचा खबऱ्या एवढा एक शब्द पुरे. सर्वसहमतीच्या संस्कारात वाढलेल्या गावांना रात्री गोळा करून हा न्याय पाहायला लावला गेला. शिकणाऱ्या मुलांवर दुहेरी संशय होता: शाळेत गेला म्हणून जंगलातले त्याच्याकडे रोखून पाहत आणि जंगलातल्या गावचा म्हणून नाक्यावरचा पोलीस थांबवे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. रस्ते, मनोरे, बस यांच्याबरोबर आता शाळेची खरी परीक्षा आहे. सबबी उरलेल्या नाहीत.

आता पहिल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळता येईल. प्रश्नपत्रिका एक असली की परीक्षा समान होते का? सर्वोच्च न्यायालयात न्यायदेवतेची जी नवी मूर्ती बसवली, तिची २०२४ मध्ये देशभर चर्चा झाली. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही आणि हातात तलवारीऐवजी राज्यघटना आहे. पट्टी बांधलेल्या देवतेला दोन उत्तरपत्रिका सारख्याच दिसतात. डोळे उघडे असतील तर एका उत्तरपत्रिकेमागे दहा वर्षांची शिकवणी, घरातली पुस्तके आणि आईच्या भाषेतली शाळा दिसते. दुसरीमागे नदी, मुका वर्ग आणि मोहाचा हंगाम दिसतो. राज्यातील अनुसूचित जमातींसाठीचे सात टक्के हे या दिसण्याचे फलित आहे. ते नसते तर न्याय झाला असता, असे म्हणणाऱ्याने एकदा भामरागडची बस धरावी.

मात्र प्रश्न तेवढ्याने मिटत नाही आणि गडचिरोलीतला विद्यार्थी हे शहरातल्या चर्चकांपेक्षा नेमकेपणाने जाणतो. त्याची पहिली तक्रार अशी की त्याच्या नावाच्या जागा कित्येकदा त्याच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत. बनावट दाखल्यांवर मिळवलेल्या नोकऱ्या आणि प्रवेश टिकणार नाहीत, असा स्पष्ट निकाल सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी दिला. त्यानंतर राज्य शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये ज्यांचे दाखले अवैध ठरले त्यांना अधिसंख्य पदांवर सामावून घेतले; रिकाम्या झालेल्या पदांवर खऱ्या उमेदवारांची भरती मात्र रेंगाळत राहिली. दुसरी तक्रार त्याची नाही, त्याच्याच बाकावर बसणाऱ्या मित्राची आहे. इतर मागासवर्गीयांना राज्यात १९ टक्के आरक्षण असताना जिल्हास्तरीय पदांसाठी गडचिरोलीत ते दीर्घकाळ ६ टक्के आणि चंद्रपुरात ११ टक्के होते. त्यातच ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातील तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक अशी पदे स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी राखून ठेवली. गावातल्या कुणबी, तेली, माळी घरातला मुलगाही त्याच शाळेत शिकला, त्याच पुलाअभावी अडकला, आणि त्याला वाटले की आपण मोजणीतून गळलो. आंध्र प्रदेशातील अशाच शंभर टक्के राखीव जागांचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये रद्द केला, तेव्हा हा पेच इथल्यापुरता नाही, हे स्पष्ट झाले. एकाच बाकावरची दोन मुले एकमेकांची प्रतिस्पर्धी म्हणून उभी करणारी व्यवस्था निर्दोष आहे, असे कोणी म्हणू नये. पण त्यांच्यातला वाद वाढवून स्वतःची पोळी भाजणारे राजकारणही तितकेच सदोष आहे. दोघांची शाळा सुधारली तर वादाची धार कमी होईल, हे त्या दोघांनाही समजते.

वनवासी विद्यार्थी काय मागतो, हे त्याने स्वतःच अनेकदा सांगितले आहे. २०१८ मध्ये आदिवासी विकास विभागाने वसतिगृहांतली भोजनगृहे बंद करून जेवणाचे पैसे थेट बँक खात्यात देण्याचे ठरवले. शहरी दृष्टीला हे आधुनिक आणि पारदर्शक वाटले. जुलै २०१८ मध्ये राज्यभरातील आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकपर्यंत पायी निघाले. त्यांचे म्हणणे साधे होते: पैसे नकोत, ताट द्या. खात्यात रक्कम वेळेवर येत नाही, अपुरी पडते, कधी घरच्या अडचणीत खर्च होते. आणि मुलींनी संध्याकाळी अभ्यास सोडून बाहेर जेवण शोधत का हिंडावे? कागदावरची समानता आणि पोटातली समानता यांतला फरक अठरा वर्षांच्या मुलांनी रस्त्यावर चालून दाखवला.

त्याच वर्षी मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या शासकीय आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी एव्हरेस्ट सर केले. जी मुले गुणपत्रिकेवर सामान्य होती, ती जगाच्या सर्वोच्च शिखरावर उभी राहिली. गुणवत्ता अचानक उगवली नव्हती. डोंगर चढण्याची ताकद त्यांच्या पायांत आधीपासून होती. कोणीतरी ती ओळखली, प्रशिक्षण दिले, साधने दिली आणि वर्षभर पाठीशी उभे राहिले. गणितात, शास्त्रात, भाषेत ही ओळख कोण करून घेणार?

भाषेचा प्रश्न शेवटी घेतला आहे, कारण तो मराठी माणसाला सर्वांत जवळचा आहे आणि सर्वांत अवघडही. २०२५ मध्ये राज्यात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा निर्णय झाला. सहा वर्षांच्या मुलावर परक्या भाषेचे ओझे नको, आधी मातृभाषा पक्की होऊ द्या, असे मराठी पालक, शिक्षक, साहित्यिक सर्व थरांतून म्हणू लागले आणि २९ जून २०२५ रोजी शासनाने ते आदेश मागे घेतले. निर्णयाच्या बाजूने किंवा विरोधात कोणी काहीही म्हणो, सहा वर्षांच्या मुलाविषयीचा तो युक्तिवाद शास्त्रशुद्ध होता. आता हाच युक्तिवाद एटापल्लीच्या अंगणवाडीतून पहिलीत आलेल्या माडिया मुलीला लावून पाहावा. तिच्यासाठी ती परकी भाषा मराठी आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे तीस लाख लोक होते. बालभारती आठ भाषांत क्रमिक पुस्तके काढते. त्यांत गोंडी नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही ती नाही. भाषेला लिपी नाही, प्रमाण रूप नाही, असे कारण दिले जाते. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली होती. तेलंगणातील गुंजाळा गावात दुसऱ्या एका लिपीतील हस्तलिखिते सापडली. आज दोन्ही लिप्या संगणकाच्या युनिकोडमध्ये आहेत. वेगवेगळ्या राज्यांतील गोंडी भाषकांनी २०१४ पासून बैठका घेऊन प्रमाण शब्दांचा कोश तयार केला, तो २०१८ मध्ये निघाला. देवनागरीतही ती उत्तम लिहिता येते. अडचण लिपीची कधीच नव्हती.

मेंढा ज्या धानोरा तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील मोहगाव या गावाच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली. गोंडीबरोबर मराठी, इंग्रजीही शिकवायचे ठरले. सरकारी अनुदान नाही. ग्रामसभांनी वनोपजाच्या उत्पन्नातून खर्च उचलला. २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ही शाळा अनधिकृत असल्याची नोटीस दिली आणि प्रकरण पुढे न्यायालयात गेले. शिक्षणहक्क कायद्याचे अठरावे कलम सांगते की मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतर दररोज दहा हजारांपर्यंत. अधिकाऱ्यांनी कायद्याचे पान वाचले, ते चुकीचे वाचले नाही. परंतु त्याच कायद्याचे एकोणतिसावे कलम सांगते की शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावे. घटनेचे कलम ३५० अ प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यावर टाकते. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत मातृभाषेचा आग्रह धरते. जे राज्याने करायला हवे होते, ते गावाने तेंदूच्या पैशातून केले आणि नोटीस गावालाच मिळाली.

अशा शाळेने वेगळेपणाची भिंत उभी राहील, अशी शंका काही सज्जनांना वाटते. मराठी माध्यमातून शिकल्याने कोणाचे भारतीयत्व उणावले नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा देश दुभंगला नाही, उलट सर्वांनी पेढे वाटले. रास्त चिंता वेगळी आहे आणि ती मोहगावच्या पालकांनीही विचारात घ्यावी अशी आहे. गोंडीतून सुरू झालेले शिक्षण टप्प्याटप्प्याने मराठीत आणि पुढे इंग्रजीत पोहोचले पाहिजे, अन्यथा मुलाला दहावीच्या परीक्षेचे, गोंडवाना विद्यापीठाचे, भरतीच्या मैदानाचे दार बंद राहील. २०११ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ गडचिरोलीतच आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने गोंडीतून पहिली-दुसरीचे गणित लिहून काढावे, पुडे आणि गोण्यांच्या उदाहरणांसह, एवढे काम या पिढीत होण्यासारखे आहे. मान्यता देताना शासनाने पायऱ्या ठरवाव्यात, शिक्षकांच्या पात्रतेची सोय करावी, मराठीचा पूल कोणत्या इयत्तेत बांधायचा हे ग्रामसभेबरोबर बसून ठरवावे. मेंढ्याची रीत जवळच आहे. अभ्यासगटात अधिकारी बसू शकतात.

दरम्यान वर्षे जातच आहेत. मोहगावच्या त्या शाळेत २०१९ मध्ये पहिलीत बसलेले मूल जून २०२६ मध्ये आठवीत जाण्याच्या वयाचे होते. कायद्याच्या चौथ्या कलमानुसार त्याला कोणत्याही मान्यताप्राप्त शाळेत वयानुरूप वर्गात घ्यावे लागते आणि मागे राहिलेल्या विषयांसाठी विशेष प्रशिक्षणही द्यावे लागते. त्या वर्गात त्याच्याशी पहिले वाक्य कोणत्या भाषेत बोलले जाईल, हे अजून कोणी ठरवलेले नाही.